अव्वासाठी लावलेली केअरटेकर: 8 महिन्यांचा अनुभव

अप्पा गेल्यावर अव्वा (कानडीत आई) कर्नाटकातल्या बैलहोंगलला एकटीच राहायची. दिवाळीनंतर तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली, आणि आम्ही तिला कोल्हापुरात फुलेवाडीला आमच्याकडं आणलं. वय 76. आम्ही दोघंही नोकरीला, म्हणून नर्सिंग ब्युरोकडून सकाळी 8 ते रात्री 8 मावशी लावली. महिना 18 हजार.

पहिल्या मावशी कामाला चोख होत्या. कूस बदलणं, अंग पुसणं, डायपर, कशातच कसूर नाही. पण अव्वाला येणारं मोडकंतोडकं मराठी आजारपणात गेलं आणि उरली फक्त कानडी. एका शनिवारी मी घरी होते. अव्वा "साकु, साकु" म्हणत तोंड फिरवत होती आणि मावशी "अजून दोन घास" म्हणत चमचा पुढं करत होत्या. साकु म्हणजे पुरे. महिनाभर रोज दुपारी हेच चाललं असणार. लकव्यानंतर गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, जबरदस्ती करू नका, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मावशींची चूक नव्हती. त्यांना साकु कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

ब्युरोच्या फॉर्मवर वय, वजन, आजार, शाकाहारी की मांसाहारी, सगळे रकाने होते. भाषेचा नव्हता. कानडी येणारी बाई मागितली तर "कोल्हापुरात कुठनं आणायची?" म्हणाले. गडहिंग्लज, शिरोळकडच्या कितीतरी घरांत कानडी बोलतात! शेवटी शेजारणीच्या ओळखीनं गडहिंग्लजकडच्या ताई मिळाल्या, माहेर कर्नाटकातल्या संकेश्वरचं. आल्या आल्या त्यांनी "ऊटा आयता, अव्वा?" (जेवण झालं का?) विचारलं, आणि अव्वा कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली. आता कुठं दुखतंय ते कळतं. फिजिओथेरपीतही फरक पडला, कारण हात कधी उचलायचा हे तिला समजतं.

सरकारी बाजूचं थोडक्यात सांगते. 70 वर्षांपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. आधारवर पत्ता कर्नाटकातला, तरी अडलं नाही. अडलं ते बोटांवर: ठसे झिजलेले, आणि आधारला जोडलेला नंबर अप्पांचा, बंद पडलेला. चेहऱ्याच्या स्कॅननं काम झालं. मे महिन्यात पाच दिवस ॲडमिट करावं लागलं तेव्हा दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांनी, म्हणजे योजनेच्या मदतनीसांनी, सगळं करून दिलं. दवाखाना योजनेत आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या. वर्षाला 5 लाखांपर्यंतचं हे संरक्षण दवाखान्यात भरती झाल्यावरचं आहे, घरच्या केअरटेकरचा पगार त्यात बसत नाही.

ज्येष्ठांच्या 14567 हेल्पलाइनवरही फोन केला, सकाळी 8 ते रात्री 8 लागतो. माहिती नीट दिली, माणूस आपल्यालाच शोधावा लागतो.

अजून एक अडचण सुटलेली नाही. कर्नाटकी बेंदराला (बैलांचा सण) ताई चार दिवस गावी गेल्या आणि बदली आलेल्या बाईंना कानडीचं अक्षर येत नव्हतं. आता पलंगाशेजारी कागद चिकटवलाय, मोठ्या देवनागरीत: साकु म्हणजे पुरे, नीरु म्हणजे पाणी, नोवु म्हणजे दुखणं. वीस शब्द झालेत, अजून लिहितेय.