रिकामे पॅलेट उचलणाऱ्या टेम्पोवाल्याने मला २,३२,६६० रुपयांना बुडवलं

आकडा आधी सांगते. ११८ प्लास्टिक पॅलेट (ज्यांवर माल रचून हलवतात त्या चौकटी), बिलाप्रमाणे प्रत्येकी १,८५० रुपये, म्हणजे २,१८,३००. तेच पॅलेट 'उचलल्याची' मजुरी नगामागे २० रुपये, २,३६०. शेडच्या भाड्यापोटी आगाऊ दिलेले १२,०००. घरात हे सांगायला मला नऊ दिवस लागले.

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. माल पॅलेटवर बांधून चाकण, महाळुंगे, तळेगावच्या बावीस गिऱ्हाइकांकडे जातो आणि पॅलेट तिथेच अडकतात, कुठे चार दिवस, कुठे पंधरा. आमची गाडी एकच. रिकाम्यांसाठी वेगळी फेरी मारायची तर चाकणच्या तळेगाव चौकातच अर्धा दिवस जातो. अशा वेळी येताना मोकळी येणारी गाडी कुणी देऊ केली तर तुम्ही नाही म्हणाल? पहिले दोन महिने एकूण एक पॅलेट मोजून परत आला. असले लोक सुरुवात अशीच करतात, हे मलाही ठाऊक होतं.

मग टेम्पोवाल्याचं सुरू झालं, "ताई, चार-चार नगांत डिझेल निघत नाही. चाकणच्या पुढे शेड घेतो, तिथे साठवतो, गाडी भरली की एकदम आणतो." व्हॉट्सॲपवर थप्प्यांचे फोटो यायचे. मी वहीत 'शेडवर जमा' लिहायचे आणि मजुरी चुकती करायचे.

एका शनिवारच्या फोटोत खालून तिसऱ्या पॅलेटवर आमचा पांढऱ्या रंगाने टाकलेला नंबर ८८ दिसला. एक पाय तुटलेला. माझ्या वहीत ८८ त्या दिवशी तळेगावला होता, मालाखाली. म्हणजे फोटो जुना होता, दुसरं कारण असूच शकत नव्हतं. मी फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या माणसाने नंबर चुकीचा टाकला असेल." आणि मी आमच्या मामांना झापलं! अकरा वर्षं आमच्याकडे लोडिंग करणारा माणूस, नंबर त्यांच्याच हातचे. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, एकदा शेड बघून येऊ." महिनाअखेर होती, बिलं काढायची होती, मी गेले नाही. त्यानंतर आणखी ५२ पॅलेट त्याच्या हाती गेले. पैशांपेक्षा हे जास्त लागतं.

शेवटी गेले तेव्हा तिथे शेळ्या बांधलेल्या होत्या. जागामालकाने त्याचं नावही ऐकलं नव्हतं. पॅलेट भंगारात किलोवर गेले असणार, दळून दाणा झाला की रंगाचा नंबर कुठला राहतो? नंबर तापलेल्या लोखंडाने डागून घ्या. फोटोवर पैसे देऊ नका, पॅलेट तुमच्या दारात उतरल्यावर द्या.

आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात "पॅलेट म्हणजे काय" इथपासून सुरुवात. खरेदीचं बिल, चलनं, मजुरीचे ऑनलाइन व्यवहार, सगळं टेबलावर ठेवलं. "शेड आमच्या हद्दीत नाही." दुसऱ्या ठाण्यात, "पॅलेट तुम्ही स्वतः दिलेत, हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा." पाच फेऱ्या झाल्या, हातात फक्त अर्जाची पोच. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. वाहतूकदाराने ताब्यात दिलेला माल गिळला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे मी त्यांना वाचून दाखवायचं? तेही दाखवलं. "मॅडम, वकील आहात का?" एवढंच उत्तर मिळालं. आता वरिष्ठांना लेखी तक्रार टपालाने पाठवली आहे. तुम्हीही तोंडी बोलत बसू नका, लेखी तक्रार स्पीड पोस्टने पाठवा.

गिऱ्हाइकांच्या गेटवर विचारलं तर म्हणे, "तुमचाच माणूस ना, नेहमी येतो." मालाच्या चलनावर पॅलेटचा आकडा कोपऱ्यात लिहून भागत नाही, परतीचं चलन वेगळं हवं आणि बाहेर गेलेल्या नगांचा आकडा वॉचमनने थेट तुम्हाला कळवायला हवा. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून महिन्याला शिल्लक सहीनिशी घ्या, नाराज झाला तरी.

मामांची माफी मागितली. त्यांनी विषय बदलला.

परवा मंगळवारी महाळुंग्यात एका गेटबाहेर तोच टेम्पो रिकाम्या पॅलेटनी भरलेला आमच्या ड्रायव्हरने पाहिला. आमचे पॅलेट काळे होते, हे निळे. ज्यांचे निळे आहेत त्यांनी आजच्या आज मोजून घ्या.