मीटरशेजारचा ८५ हजारांचा डबा

ठाण्याकडच्या एका सात मजली सोसायटीने कॉमन मीटरवर (पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे यांच्या) 'पॉवर सेव्हर' पॅनेल बसवून घेतलं. किंमत ८५ हजार, कोटेशनवर 'बिलात ३० टक्के बचत' आणि शेजारी आयएसओ ९००१चा शिक्का. तो शिक्का कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीचा असतो. डबा वीज वाचवतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. कमिटीने मात्र प्रात्यक्षिक डोळ्यांनी पाहिलं होतं. खरी मेख तिथेच होती.

विक्रेत्याने ५ एचपीचा पंप चालू केला आणि मीटरकडून येणाऱ्या वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र) लावला: ९.१ अँपिअर. डब्याचा एमसीबी, म्हणजे त्याचा स्विच, वर केला: ६.६. आकडे अगदी खरे! पण हे बिल अँपिअरवर येत नाही, केडब्ल्यूएचवर म्हणजे युनिटवर येतं. पंप दोन्ही वेळा ४.६ किलोवॉटच ओढत होता. बदलला तो पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, ०.७० वरून ०.९७. डब्यात पॉवर फॅक्टर सुधारणारा, साडेतीन केव्हीएआर क्षमतेच्या आसपासचा कपॅसिटर, एक दिवा आणि कुणी उघडून बघू नये म्हणून ओतलेलं काळं इपॉक्सी, एवढाच ऐवज. कपॅसिटर मीटरशेजारी असल्यामुळे पंपापर्यंतच्या वायरीतला करंटही कमी झाला नाही. क्लॅम्प पंपाच्या वायरला लावला असता तर ९.१ जागचा हलला नसता.

ज्या मोठ्या जोडण्यांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही धरून येतं, तिथे कपॅसिटर खरोखर पैसे वाचवतो. आकारणी कशावर आहे ते बिलावरच छापलेलं असतं. पण तिथेही असा कपॅसिटर बाजारात काही हजारांत मिळतो.

मग पहिल्याच महिन्यात बिल उतरलं कसं? पॅनेलसोबत जिन्यातल्या ३० ट्यूब 'फ्री' बदलून दिल्या होत्या. जुनी ट्यूब तांब्याच्या चोकसकट साधारण ५४ वॉट, नवी एलईडी २० वॉट. रात्रीचे ११ तास धरले तर दिवसाला ११ युनिट, महिन्याला ३३५च्या घरात. सगळी बचत या ट्यूबांची, श्रेय डब्याला! नुसत्या ट्यूब बदलल्या असत्या तरी बिल तेवढंच आलं असतं.

तपासणी अर्ध्या तासाची आहे. मीटरवर 'इम्प/केडब्ल्यूएच' (एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो) असा आकडा असतो, समजा ८००. डबा, लिफ्ट आणि जिन्याचे दिवे बंद ठेवून फक्त पंप चालवा. मीटरचा लाल दिवा ६० वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोजा, मोबाईलवर व्हिडिओ घेतला तर चूक होत नाही. ३६०० गुणिले ६०, भागिले (८०० गुणिले सेकंद) म्हणजे किलोवॉट. ५९ सेकंद आले तर ४.६. आता डबा चालू करून पुन्हा मोजा. मधे फार वेळ जाऊ देऊ नका, टाकीची पातळी बदलली की पंपाचा लोडही थोडा बदलतो. सेकंद तेवढेच राहिले तर बचत शून्य. हीच चाचणी ऑर्डर देण्याआधी मागा. विक्रेता क्लॅम्प मीटरचाच हट्ट धरू लागला तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. पैसेही केडब्ल्यूएचमधली घट दिसल्यावरच, असं लेखी घ्या आणि त्या काळात दुसरं काहीही बदलू देऊ नका, फुकट दिवेसुद्धा. मोठा खर्च असेल तर बीईई (केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो)-प्रमाणित एनर्जी ऑडिटरकडून मोजून घ्या.

पैसे आधीच गेले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कोटेशन, पावती, व्हॉट्सॲपवरचे दावे आणि दोन्ही चाचण्यांचे व्हिडिओ जपून ठेवा. डबा भंगारात देऊ नका, तो पुरावा आहे. एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या. सप्लाय तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, तो डिस्चार्ज केल्याशिवाय टर्मिनलला हात लावायचा नाही.