एक सेटिंग बदललं आणि ५८,९३९ रुपये गेले

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे कुणी 'किरकोळ असेल' म्हणणार नाही. ५८,९३९ रुपये.

मी करसल्लागार आहे. १८ तारीख होती, २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याची जीएसटी विवरणपत्रं भरायची, आणि अकरा क्लायंटची बिलं त्याच संगणकात. आदल्या रात्री नवा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क बसवली होती. वेग वाढेल म्हणून एका व्हिडिओत बघून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे संगणकाने डिस्कशी बोलायची पद्धत, 'रेड'चा 'एएचसीआय' केला आणि एफ१० दाबून सेव्ह केलं. झालं! निळी स्क्रीन, आपोआप रीस्टार्ट, परत निळी स्क्रीन. खाली 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. डिस्क गेली असंच कुणालाही वाटेल.

मोबाइलवर कंपनीचा कस्टमर केअर शोधला आणि सगळ्यात वरचा नंबर लावला. तो जाहिरातीचा होता. नंबर बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या, शोधून घेऊ नका.

समोरचा 'सर, सर' करत हिंदीत बोलत होता. केस रजिस्टर करायला २,३६० घेतले, डेटा वाचवायला ७,०८०. जीएसटीसकट! १८ टक्क्यांचा हिशेब इतका चोख होता की मलाच विश्वास बसला. मग म्हणाला, मोबाइलवर एक ॲप टाका, मला स्क्रीन दिसू द्या.

इथेच. बंद पडलाय संगणक, तर याला माझा मोबाइल कशाला बघायचाय? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. रोज दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढणारा माणूस मी. आणि त्याने एकदाही विचारलं नाही की बंद पडायच्या आधी तुम्ही काय बदललं होतं. खरा मेकॅनिक पहिलं तेच विचारतो. पण डोक्यात २० तारीख होती. ज्याच्यावर ती वेळ आलीय त्यालाच ते कळेल.

मग त्याने एफ२ दाबून बायोस उघडायला लावलं आणि साटा मोड परत 'रेड' करायला सांगितला. विंडोज सुरू झालं. मी त्याला दोनदा थँक यू म्हणालो. एवढंच करायचं होतं. विंडोज सुरू होताना जुन्या मोडचाच ड्रायव्हर (डिस्क चालवणारा प्रोग्राम) उचलतं, नवा उचलत नाही, म्हणून त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. डिस्क धडधाकट असते. मोड बदलायचाच असेल तर आधी विंडोजमध्ये सेफ मोड (मोजक्या गोष्टींवर सुरू व्हायची पद्धत) लावून ठेवा, मग बायोसमध्ये बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि मग सेफ मोड काढा. मदरबोर्डची बटण-बॅटरी संपली तरी हे सेटिंग आपोआप बदलू शकतं, तेव्हाही घाबरू नका.

'काम लवकर झालं, ७,०८० रिफंड देतो' म्हणून त्याने फॉर्ममध्ये डेबिट कार्ड भरायला लावलं. ओटीपी त्याला माझ्या स्क्रीनवर दिसतच होता. ४ वाजून १२ मिनिटांनी २४,९९९ गेले.

मी त्याच मिनिटाला बँकेला फोन लावला. अकरा मिनिटं संगीत ऐकवलं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' त्या अकरा मिनिटांत आणखी २४,५०० गेले! शाखेत म्हणतात, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. मी प्रत काढून टेबलावर ठेवली, तर म्हणे कळवल्याची वेळ कॉल उचलल्यापासून धरतात. उचलायचं कुणाच्या हातात होतं?

पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. 'हे सायबरचं, जिल्ह्याला जा.' जिल्ह्याला म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याचा अर्ज आणा. गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याने नोंदवून घ्यायचा, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. वाचून दाखवलं तर साहेब हसले. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा, पैसे वाटेत अडवता येतात, हे ना बँकेने सांगितलं ना ठाण्याने. तिसऱ्या दिवशी पुतण्याने सांगितलं. तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते.

तुम्ही पहिला फोन १९३० ला करा, बँकेला दुसरा. आणि ते ॲप आधी काढा. माझ्या मोबाइलवर ते रात्रीपर्यंत तसंच होतं.

ठाण्याची पोच अजून हातात नाही. सोमवारी परत जातोय, परिपत्रक आणि कॉलची नोंद घेऊन.