घरगुती कामासाठी सात-बाय-चौदा मिनी लेथ

चिनी बनावटीचा आणि निरनिराळ्या नावांनी विकला जाणारा हा लेथ (वस्तू फिरवत ठेवून टूलने कापणारे यंत्र) सुमारे 180 मिमी स्विंगचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढ्या व्यासाची वस्तू फिरवता येणारा असून, वस्तू ज्यांच्यामध्ये धरतात त्या दोन सेंटरमधील अंतर साधारण 350 मिमी आहे. दोघांनी उचलून टेबलावर ठेवता येतो, हा छोट्या घरात मोठाच गुण. तयार यंत्र म्हणून मात्र त्याकडे पाहू नये. आलेले यंत्र गंजरोधक ग्रीसने माखलेले होते आणि क्रॉस स्लाइडची (टूल आडवे सरकवणाऱ्या भागाची) गिब, म्हणजे सरकत्या भागातला ढिलेपणा काढणारी पट्टी, इतकी सैल होती की, पहिल्याच कटात टूल थरथरून जॉबवर (कापायच्या वस्तूवर) लाटा उमटल्या. केरोसीनने धुऊन, गिबचे स्क्रू एकेक करून आवळून, स्लाइड हलकी पण ढिली न वाटेल अशी बसवल्यावर पृष्ठभाग पुष्कळ सुधारला.

सोबतच्या चौकोनी टूलपोस्टमध्ये (टूल धरणाऱ्या भागात) टूलचे टोक सेंटरच्या उंचीवर आणण्यासाठी पत्र्याच्या पट्ट्या घालाव्या लागतात, म्हणून पहिला जादा खर्च क्विक चेंज टूलपोस्टवर (टूल झटपट बदलता येणाऱ्या आणि उंची सहज जुळवता येणाऱ्या) करावा. कार्बाइडच्या (अतिकठीण मिश्रणाच्या) टूलच्या मोहात न पडता धार लावलेले हायस्पीड स्टीलचे टूल वापरावे, कारण हलक्या यंत्रावर तेच कमी दाबात कापते. 25 मिमी व्यासाच्या माइल्ड स्टीलला मिनिटाला 30 मीटर कापवेग धरल्यास मिनिटाला सुमारे 380 फेरे पुरतात. त्यासाठी लो गिअरच निवडावा, अन्यथा मोटर दमते. पितळ आणि ॲल्युमिनियमवर हे यंत्र मनापासून आवडले. जाड स्टीलचे रोजचे काम असणाऱ्याने जुना, जड, भारतीय बनावटीचा लेथ शोधावा.