निक्सनच्या ध्वनिफितींचा संग्रह: काय ऐकावं, कसं ऐकावं

नेत्याचा अहंकार आणि त्याच्या मनातली धास्ती कारभारात नेमकी कुठून शिरते, हे चरित्रं वाचून फारसं हाती लागत नाही. चरित्रात निकाल आधीच माहीत असतो. अमेरिकेचा अध्यक्ष रिचर्ड निक्सनच्या व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफितींत मात्र निर्णय होत असताना ते ऐकू येतं. कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा इथलं निक्सन ग्रंथालय हा संग्रह आपल्या वेबसाइटवर मोफत ऐकवतं. फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ या काळातलं हे सुमारे ३,७०० तासांचं मुद्रण आहे आणि त्यातले साधारण ३,००० तास खुले झाले आहेत. राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याने हा संग्रह ऐकायलाच हवा. फक्त त्याची रीत समजून घ्यावी लागते.

हा माणूस इतका मोकळा का बोलतो, याचं उत्तर यंत्रणेतच आहे. आधीचा अध्यक्ष जॉन्सन मुद्रण कधी चालू करायचं ते स्वतः ठरवत असे. निक्सनने सत्तेवर येताच ती यंत्रणा काढून टाकली आणि दोन वर्षांनी स्वतःची बसवली, तीही आवाजावर आपोआप सुरू होणारी. ओव्हल ऑफिसच्या टेबलात पाच मायक्रोफोन होते आणि शेकोटीजवळच्या भिंतीवरच्या दिव्यांत दोन. बटण दाबायचं नसल्यामुळे मुद्रण चालू आहे याचं भानही राहत नसे. फक्त कॅबिनेट रूममधलं यंत्र हाताने चालवावं लागे.

आवाजाचा दर्जा मात्र वाईट आहे, आणि त्याला कारणं आहेत. फीत अतिशय पातळ होती आणि ती सेकंदाला जेमतेम एक इंच, म्हणजे १५/१६ इंच, या वेगाने फिरे. जास्तीत जास्त तास मावावेत म्हणून ही काटकसर केलेली. शिवाय मायक्रोफोन टेबलातच असल्यामुळे टेबलावर काही आपटलं की शब्द बुडतात. फोनवरची संभाषणं सर्वांत स्वच्छ आहेत, त्याखालोखाल ओव्हल ऑफिस. शेजारच्या कार्यालयीन इमारतीतल्या खोलीतलं मुद्रण पुष्कळदा घुमतं. त्यामुळे सुरुवात फोनपासून करावी, आणि हेडफोन लावूनच ऐकावं.

संभाषण क्रमांकाने शोधायचं. ७४१-२ म्हणजे ७४१ क्रमांकाच्या फितीवरचं दुसरं संभाषण. सोबत विषयसूची मिळते, तिच्यात वेळ, हजर माणसं आणि मुद्दे असतात. पण सूची म्हणजे शब्दशः उतारा नव्हे, आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. सूचीतली एक कोरडी ओळ आणि प्रत्यक्ष आवाजातला संताप यांत फार अंतर असतं. निवडक संभाषणांचे उतारे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने केले आहेत. ते समोर ठेवून ऐकावं.

ऐकताना आमचा एकच आग्रह आहे: निक्सनपेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडे कान द्या. जून-जुलै १९७१ मधली दोन प्रकरणं लागोपाठ ऐका. पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलची गोपनीय सरकारी कागदपत्रं, छापून आल्यावर निक्सन ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेत घुसून तिजोरी फोडायला सांगतो. ते काही घडलं नाही. त्याच सुमारास बेकारीच्या आकड्यांचा लावलेला अर्थ खटकला म्हणून तो कामगार सांख्यिकी विभागात ज्यू किती आहेत ते मोजायला सांगतो. ती मोजणी झाली, ३५ जणांत १३ असा हिशेब लेखी दिला गेला आणि अधिकाऱ्यांच्या बदल्याही झाल्या. संशय दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो हुकूम झेलणाऱ्यांमुळे.

यानंतर ७४१-२ ऐका. तारीख २३ जून १९७२, वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीनंतर सहा दिवसांनी. सीआयएमार्फत एफबीआयचा तपास थोपवण्याची योजना व्हाइट हाउसचा मुख्य अधिकारी हाल्डेमन मांडतो आणि निक्सन होकार देतो. आवाजात राग नाही, रोजचं एखादं काम उरकावं तसा सूर आहे. मग ८८६-८, २१ मार्च १९७३: व्हाइट हाउसचा कायदा सल्लागार जॉन डीन घरफोडीतल्या आरोपींकडून गप्प राहण्याच्या मोबदल्यात मागितल्या जाणाऱ्या पैशांबद्दल सांगतो, रक्कम दहा लाख डॉलरपर्यंत जाईल म्हणतो, आणि निक्सन ती रोख मिळू शकेल असं सुचवतो. मध्ये नोव्हेंबर १९७२ ची निवडणूक येते. ५० पैकी ४९ राज्यं जिंकलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी आपल्या साऱ्या सहकाऱ्यांचे राजीनामे मागितले. इतक्या मोठ्या विजयानेही मनातली धास्ती जात नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

भारतीय श्रोत्यासाठी ५ नोव्हेंबर १९७१ ची सकाळ महत्त्वाची. आदल्या दिवशी इंदिरा गांधी यांची भेट झालेली, आणि निक्सन व त्याचा सुरक्षा सल्लागार किसिंजर त्यांच्याबद्दल अत्यंत हीन शब्दांत बोलतात. ऐकून संताप येतोच. पण सगळा दोष अहंकाराच्या खात्यात टाकू नये. पाकिस्तानचा अध्यक्ष याह्या खान हा चीनशी गुप्त संपर्काचा दुवा होता आणि किसिंजर जुलैमध्ये पाकिस्तानातूनच बीजिंगला गेला होता. धोरणाला हिशेब होता. वैयक्तिक तिटकाऱ्याने तो हिशेब आणखी वाकडा केला. पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींबद्दल ढाक्याहून कळवणारा अमेरिकेचा महावाणिज्यदूत आर्चर ब्लड तिथून हटवला गेला, म्हणजे अप्रिय बातमी आणणारी वाटच बंद झाली.

त्रुटी सांगायच्या तर, सुरक्षेच्या आणि खासगीपणाच्या कारणांवरून वगळलेले भाग वाटेत सतत आडवे येतात. सूचीत त्यांची लांबी मिनिट-सेकंदांत दिलेली असते, एवढाच आधार. इंग्रजीचा कान तयार नसेल तर उताऱ्याविना निभाव लागत नाही. ३४२ क्रमांकाच्या फितीवरची पुसलेली साडेअठरा मिनिटं कुतूहलापोटी सगळे आधी लावतात. तिथे फक्त घरघर आहे, ती शेवटी ठेवा.

लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी योर्बा लिंडाला जाऊन संग्रहालयातलं वॉटरगेट दालनही पाहावं. ग्रंथालय सरकारकडे येण्यापूर्वी इथली मांडणी निक्सनची बाजू घेणारी होती; २०११ मध्ये ती बदलून कागदपत्रांवर आधारलेली केली गेली. दालनाला किमान दोन तास द्या, आणि वर सांगितलेल्या फिती घरी ऐकून मगच जा.