अंदमानातली गळाची बोट: साडेतीन तारे, त्यातला अर्धा आचाऱ्याचा

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेले मोकळे होतील. कॅप्टन उत्तम. बोट स्वच्छ, साहित्य अव्वल. मोठा मासा पकडून परत सोडायचा हे त्यांचं धोरण मात्र अर्धंच मुरलंय. बोटीचं नाव लिहीत नाही. तक्रार मालकाला थेट कळवली आहे, आणि हॅवलॉकला (आताचं स्वराजद्वीप) अशा बोटी चालवणारे बरेच आहेत. कुठलीही ठरवलीत तरी खालचं वाचून चार प्रश्न आधी विचारा.

मी मूळची वेंगुर्ल्याची, पनवेलला माझं औषधांचं दुकान आहे. वडील सुटीच्या दिवशी धक्क्यावर गरवायला बसत आणि मी शेजारी बसून आमिषाला सुंगटं सोलून देई. पालू लागली तर पालू, नशीब जोरावर असेल तर तांबोशी नाहीतर चोणक. परत पाण्यात जायचं ते फक्त बोटभर पिल्लू. त्यामुळे दादाने जेव्हा ‘फेब्रुवारीत अंदमानला जाऊ, वीस किलोचा मासा धरू आणि सोडून देऊ’ असं सांगितलं, तेव्हा वडिलांनी पलंगावरूनच विचारलं, ‘‘खावचो नाय तर धरूचो कित्याक?’’

प्रश्न काही अडाणी नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून, सोडण्याच्याच इराद्याने मासा पकडायला कायद्याने बंदी आहे. जर्मनीतही सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना द्यायच्या नाहीत या नियमात ही हौस अडकते, आणि खाण्यासाठी धरणं हे तिथे सबळ कारण मानतात. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘मगे, शाणे लोक आसत ते.’’

मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेल बघायला. आम्हीही बघितलं, मान खाली घालून बाहेर आलो आणि संध्याकाळच्या फेरीने हॅवलॉक गाठलं. दादा, त्याचा ऑफिसातला मित्र आणि मी. पूर्ण दिवसाचे ४२ हजार, तिघांत वाटून. त्यात गळ-रॉड, बर्फ, पाणी, नाश्त्याला पुरीभाजी. फायबरची बोट, मागे दोन इंजिनं. शौचालय नाही, एक बादली आणि पडदा आहे. बायकांनी हे आधी विचारून घ्यावं, कारण संकेतस्थळावरच्या फोटोंत सगळे पुरुषच दिसतात आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही.

कॅप्टन पोर्ट ब्लेअरचा (आताचं श्री विजयपुरम) बंगाली, पन्नाशीचा. मदतीला मायाबंदरचा एक करेन पोरगा. करेन लोक १९२५ साली ब्रह्मदेशातून इथे आले, आणि होडीवर त्यांचा पाय जसा ठरतो तसा मी आमच्या खलाशांचाही क्वचित पाहिलाय. निघण्याआधी कॅप्टनने यंत्रावरचा नकाशा उघडून राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यानाची हद्द दाखवली आणि म्हणाला, इथे बोट नेणार नाही, आग्रह करू नका. मला माणूस तिथेच आवडला.

त्यांचा मुख्य मासा म्हणजे जीटी, जायंट ट्रेव्हली. आपल्याकडच्या कोकर माशाचा थोरला भाऊ. २००६ साली जपानात धरलेला ७२.८ किलोचा जीटी हा गळावरचा जागतिक विक्रम आहे, यावरून आकाराची कल्पना यावी. पद्धत अशी: प्रवाळाच्या कडेला बोट वाऱ्यावर सोडायची, वीतभर लांब लाकडी पॉपर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, लांब फेकायचा आणि झटके देत ओढायचा. पाण्यावर भुडुक्‌ भुडुक्‌ आवाज होतो. खांदे भरून येतात, काही होत नाही, कंटाळा येतो, आणि मग पाणीच फुटतं.

दादाच्या गळाला लागला तेव्हा कॅप्टनने पहिली गोष्ट केली ती म्हणजे रीळचा ब्रेक आवळायला लावला. आम्हाला वाटलं होतं की सैल सोडून दमवायचा. तो म्हणाला, ‘‘दीदी, जितना लंबा खेलेगा, उतना मछली मरेगा.’’ बरोबर आहे. झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत आम्ल साठतं. तो आपल्यासमोर ऐटीत पोहत जातो आणि नजरेआड जाऊन मरतो, किंवा दमलेला पाहून शार्क त्याला उचलते. म्हणून रॉड जाड, दोरा जाड, आणि मासा लवकर बोटीशी. नाजूक साहित्यावर मोठा मासा खेळवण्याची बढाई मारणारे लोक इंटरनेटवर पुष्कळ भेटतात, त्यांना या कॅप्टनच्या बोटीवर एक दिवस पाठवायला हवं.

गळही बघून घेतले. तीन तोंडांचे नव्हते, एकेरी होते, आणि टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकलेला. असा गळ दोन सेकंदांत निघतो. आमिष लावून मार्लिनसारखे मासे धरणाऱ्या बोटींवर तर गळाचा आकारच निकाल लावतो. अटलांटिक महासागराच्या पश्चिम भागात पांढऱ्या मार्लिनना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यात आत वळलेल्या टोकाच्या, म्हणजे सर्कल हुकने धरून सोडलेले सगळे मासे जगले. सरळ दांड्याच्या जे-गळावर धरलेल्यांपैकी ३५ टक्के मेले. दोन्हीकडे ‘सोडला’ अशीच नोंद होते.

दादाचा जीटी वीस किलोच्या आसपास असावा. काट्याला टांगून वजन केलं नाही, फीत लावून लांबी घेतली. गळ काढला तो मासा पाण्यात असतानाच. मग कॅप्टनने शेपटीचा देठ आणि पोट धरून त्याला दोन क्षण बोटीबरोबर पुढे नेलं, कल्ल्यांतून पाणी खेळू दिलं आणि डोकं खाली करून सोडला. तो सरळ रेषेत खोल गेला. इतकं नेटकं काम बघून वडिलांचा प्रश्न माझ्यापुरता थोडा मवाळ झाला. वीस वर्षांहून जास्त जगणारा मासा आहे, मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते, आणि खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या कोकराचं मांस जाडंभरडं लागतं. तव्यावर टाकावा तो दोन-अडीच किलोचा.

न खाण्याचं आणखी एक कारण माझ्या धंद्यातलं. प्रवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालातून सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारं विष माशांत येतं. शैवाल खाणारा लहान मासा, त्याला खाणारा मधला, त्याला खाणारा मोठा, असं ते वरच्या पायरीवर साठत जातं. बॅराकुडा, मोठे गोबरे, मोठे जीटी. विष तळून जात नाही, उकळून जात नाही, बर्फात ठेवूनही नाही, आणि चवीला कळत नाही. उलट्या-जुलाब होतात, ओठांना मुंग्या येतात आणि गार पाणी हाताला चटका दिल्यासारखं लागतं. उतारा म्हणून कुठलंही औषध माझ्या कपाटात नाही, कोणाच्याच नाही. पाऱ्याचं गणित वेगळं, पण दिशा तीच: तोही मोठ्या माशांत जास्त साठतो. अमेरिकेतला अधिकृत सल्ला गरोदर बायकांना आणि मुलांना मार्लिन, स्वोर्डफिश, शार्क, मोठ्या डोळ्यांचा टूना टाळायला सांगतो. त्या यादीत किंग मॅकरेलही आहे, आणि तो आपल्या सुरमईच्या कुळातला. तेव्हा बाजारात सर्वांत मोठी सुरमई बघून जीभ चळणाऱ्यांनी घरात पोटुशी कोणी आहे का ते आठवावं.

आता तक्रारी.

दुसरा जीटी मित्राच्या गळाला लागला, तेव्हा कॅप्टन सुकाणूवर होता आणि करेन पोरगा एकटाच बाजूला. मित्राला फोटो हवा होता. शेपटीला धरून मासा उभा टांगला, मोबाइल सापडेना, सापडला तर उन्हाकडे तोंड, मग पुन्हा दुसऱ्या बाजूने. पोरगा काही बोलला नाही, त्याला बक्षिशीची फिकीर. पाण्यात टाकल्यावर मासा कुशीवर तरंगला, मग कसाबसा हलला आणि दिसेनासा झाला. गिऱ्हाइकाला ‘आता बास’ म्हणण्याचा अधिकार त्या पोराला मालकाने दिला पाहिजे. फलकावर ‘कॅच अँड रिलीज’ रंगवून भागत नाही.

खरी गंमत दुपारी झाली. खोल पाण्यात जिगिंग चाललं होतं, म्हणजे शिशाचा लांबट मासा तळापर्यंत सोडून झटके देत वर आणायचा. माझ्या दोऱ्यावर गोबरा आला, चार किलोचा, तपकिरी अंगावर ठिपके, देखणा. तळातून एकदम वर आल्यामुळे त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगली होती, डोळे बाहेर आले होते आणि तोंडातून गुलाबी फुगा लोंबत होता. मी म्हटलं, हा राहिला आमचा. कॅप्टन म्हणाला, नाही, प्रवाळावरचा मासा आम्ही ठेवत नाही, नियम आहे. आणि पोऱ्याने गळाच्या टोकाने तो फुगा टोचला.

तो फुगा म्हणजे हवेची पिशवी नव्हेच. ते माशाचं जठर, आतल्या दाबाने तोंडातून उलटं बाहेर आलेलं. ते टोचलं की पिशवी तशीच फुगलेली राहते आणि वर जठराला भोक. असा मासा जगवायचा तर त्याला वजन बांधून पुन्हा खोलात न्यावा लागतो. जबड्याला चिमटा लावायचा, ठरावीक खोलीवर दाब वाढला की चिमटा आपोआप सुटतो. पैशाने म्हणाल तर एका पॉपरच्या किमतीत येतो. या बोटीवर तो नव्हता.

गोबरा पाण्यात टाकला, तो पोट वर करून तरंगत राहिला. शेपटी हलवत होता, खाली जाता येत नव्हतं. वर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालायला लागला. आम्ही तिघं आणि ते दोघं गप्प. शेवटी मीच म्हटलं, कॅप्टनसाब, नियम माशासाठी आहे की पाटीसाठी? तो मरणार हे तुम्हालाही दिसतंय. कॅप्टनने बोट वळवली, जाळीने गोबरा उचलला, डोळ्यामागे टोचा मारून तत्क्षणी मारला, कल्ले कापून रक्त काढलं आणि बर्फाच्या पाण्यात घातला. हे काम त्याने इतकं सफाईने केलं की वाटलं, खाण्यासाठी मारण्यात हा माणूस सोडण्याइतकाच तरबेज आहे. मग तळाचे मासे सोडण्याचा हट्ट का? चिमटा ठेवा, नाहीतर दोन मासे धरा, ठेवा आणि तळावर गळ टाकणं थांबवा.

ठेवायला त्यांची परवानगी असलेले मासे वेगळे: सुरमई, गेदर (टूना), माहीमाही. हे धोरण मात्र शहाणपणाचं आहे. हे मासे झपाट्याने वाढतात. माहीमाही तर चार-पाच महिन्यांत अंडी घालायला लागतो आणि पाच वर्षांच्या पुढे जगत नाही. परतताना मागे दोरा सोडला होता, त्याला पाच किलोची सुरमई लागली. तीही लगेच बर्फात. गेदर आणि सुरमईच्या बाबतीत हा बर्फ चैनीचा नसतो. उन्हात राहिलेल्या अशा माशात हिस्टामीन तयार होतं आणि जेवणानंतर अंग लाल होऊन खाज सुटते. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन ‘माशाची ॲलर्जी’ म्हणतं, तेव्हा बऱ्याचदा दोष माशाचा नसून टोपलीचा असतो.

संध्याकाळी गोविंदनगरच्या एका खानावळीत मासे दिले. बोटवाल्यांनीच ठरवून दिली होती, करून द्यायचे किलोमागे ३५० रुपये. आचारी बंगाली, त्याने गोबऱ्याच्या तुकड्या मोहरीच्या वाटणात केल्या. मी पर्समधून सोलं आणि आईचा मसाला काढला तर चिडला नाही, उलट चुलीपाशी जागा करून दिली. सुरमईच्या डोक्याची आमटी मी केली, तो बघत उभा. गोबऱ्याचं डोकं आणि काळीज मात्र मी बाजूला काढायला लावलं, सिग्वाटेराचं विष तिथे जास्त साठतं. वेंगुर्ल्याच्या बाईने माशाचं डोकं टाकलं हे कृपया घरी कोणी सांगू नये. मोहरीतला गोबरा म्हणाल तर, अर्धा तारा त्याचाच आहे.

एक बारीक चिमटा आमच्या रिसॉर्टलाही. तिथल्या भिंतीवर ‘प्रवाळ वाचवा’ आणि त्याखाली रोजच्या रोज ग्रिल्ड रेड स्नॅपर, हवा तेवढा. प्रवाळावरचेच मासे ते.

जायचं तर जानेवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध, समुद्र शांत असतो. १५ एप्रिल ते १४ जून तिथे मासेमारीबंदी असते, आपल्या जून-जुलैच्या बंदीशी गल्लत करून तिकिटं काढू नका. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, लाटा लागल्यावर नाही.

दादा पुढच्या मोसमासाठी पुन्हा विचारतोय. मालकाला मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या: खोलात सोडायचा चिमटा ठेवा, जगणार नाही तो मासा ठेवू द्या, आणि जीटीचा फोटो पाण्यातच काढायचा नियम करा. पहिल्या दोन त्याने लगेच मान्य केल्या. तिसरीवर म्हणतो, मॅडम, गिऱ्हाइकं रुसतात. वडिलांना ते वाचून दाखवलं, तर त्यांनी विचारलं की सुरमई केवढी होती.