लाउटरब्रुनेन की ग्रिंडेलवाल्ड: मुक्काम कुठे करावा?

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन ओस्ट स्थानकातून सुटलेली रेल्वेगाडी झ्वायल्युचिनेनला विभागते. काही डबे लाउटरब्रुनेनला जातात, उरलेले ग्रिंडेलवाल्डला. तीन-चार रात्री राहायचं असेल तर कुठल्या डब्यात बसायचं, हे घरूनच ठरवून निघा.

दोन्ही बर्न कॅन्टनमधल्या, म्हणजे बर्न या स्विस राज्यातल्या, स्वतंत्र पालिका. क्षेत्रफळात फार फरक नाही: लाउटरब्रुनेन सुमारे 164 चौरस किलोमीटर, ग्रिंडेलवाल्ड 171. वस्ती मात्र अगदी विरळ. पहिलीत अडीच हजारांच्या आत माणसं, दुसरीत चार हजारांच्या आत. बाकी कडे, कुरणं, बर्फ.

लाउटरब्रुनेनचं खोरं हिमनदीने कोरलेलं आहे. तळ सपाट, दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. स्टाउबबाख जवळपास 300 मीटर उंचीवरून पडतो. वारा सुटला की त्याचे नुसते तुषार उरतात. त्याहून मला ट्रुमेलबाख अधिक थरारक वाटतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून घुमत उतरतं. पाणी भरात असलं की सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र आत सोडत नाहीत आणि हिवाळ्यात तो बंद असतो.

याच पालिकेत कड्यांच्या माथ्यावर वेंगेन आणि म्युरेन ही गावं आहेत. दोन्हीकडे बाहेरच्या मोटारींना वाट नाही. जायचं ते रेल्वेने किंवा रोपवेने. म्युरेन 1638 मीटरवर, वर्षभर राहणारे लोक जेमतेम साडेचारशे. वरच्या गावांत 13व्या-14व्या शतकात डोंगरापलीकडच्या लोचेनटाल खोऱ्यातून माणसं येऊन वसली. पुढे लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्ड या दोन्ही खोऱ्यांवर इंटरलाकेनच्या मठाची सत्ता होती, ती 1528च्या धर्मसुधारणेत बर्नकडे गेली.

ग्रिंडेलवाल्ड 1034 मीटरवर, मोकळ्या, रुंद उतारावर पसरलेलं आहे. समोर 3967 मीटरचा आयगर. त्याची उत्तर भिंत 1938 मध्ये पहिल्यांदा सर झाली. एके काळी इथल्या हिमनद्या गावालगत पोचल्या होत्या. आज त्या इतक्या मागे हटल्या आहेत की पाहुण्यांना रिकामी घळ दाखवतात. 1892च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, त्यामुळे मध्यवस्तीत जुनं फारसं दिसत नाही. सोयी मात्र इथे जास्त. मोटार थेट गावात येते, दुकानं-हॉटेलं भरपूर. 2020 पासून आयगर एक्सप्रेस ही केबलकार 15 मिनिटांत आयगरग्लेचर स्थानकाला नेते आणि तिथून युंगफ्राउयोखची, म्हणजे बर्फाळ खिंडीतल्या उंच रेल्वे स्थानकाची, गाडी मिळते.

म्हणून ज्यांचा सगळा बेत युंगफ्राउयोखभोवती आहे, बरोबर भाड्याची मोटार आहे, त्यांनी ग्रिंडेलवाल्ड घ्यावं. हिवाळ्यात येणाऱ्यांनीही लाउटरब्रुनेनच्या तळाशी राहू नये, कड्यांमुळे तिथे ऊन फार थोडा वेळ पोचतं.

उन्हाळ्यात मी लाउटरब्रुनेनचीच बाजू घेईन, पण खोली वेंगेनला. खालच्या गावात दिवसा येऊन परतणाऱ्यांची इतकी गर्दी होते की 2024 मध्ये त्यांच्याकडून शुल्क घेण्याचा विचार सुरू झाला. वेंगेन 1274 मीटरवर आहे, दातेरी रुळांची गाडी लाउटरब्रुनेन स्थानकातूनच सुटते, म्हणजे सामान घेऊन रस्त्यावर यावं लागत नाही. तीच रेल्वे पुढे क्लायने शायडेग या खिंडीतल्या स्थानकाला जाते. तिथे गाडी बदलून ग्रिंडेलवाल्डला उतरा, दुसरं खोरंही एका दिवसात पाहून होतं.